पुतळ्यांची माळ

वकिलीच्या धंद्यात सोने वारंवार दृष्टीस पडते. पण अलंकार म्हणून क्वचितच. बहुधा ते कागदावर भेटते. ‘बांगड्या चार, वजन अमुक’, ‘मंगळसूत्र एक, वजन तमुक’. वाटणीच्या प्रकरणात दागिन्याचा घाट कोणी विचारीत नाही, तो कोणी घडवला हे विचारीत नाही. आणि तो कोणाच्या गळ्यात शोभला हे विचारण्याचे तर कोणास प्रयोजनच नसते. तोळे, मासे आणि त्या दिवसाचा भाव एवढ्यावर काम भागते. मीही पुष्कळ वर्षे सोने असेच पाहिले, आणि त्यामुळे माझ्या हातून एकदा जी चूक घडली ती प्रस्तुत लेखाचे निमित्त झाली आहे.

फोंडे तालुक्यातील एका घराण्याचे ते प्रकरण. घरातील वृद्ध माता निवर्तल्यावर दोन मुलगे आणि दोन मुली असे चार वारस मागे राहिले. पोर्तुगीज काळापासून आमच्या गोव्यात चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे मिळकतीची इन्व्हेंटरी झाली. तीत एक नोंद होती : ‘सोन्याची माळ एक, नग छत्तीस, वजन सुमारे अकरा तोळे’. चार वारस आणि छत्तीस नग! प्रत्येकी नऊ वाटून दिले की तंटा मिटला, असा तो सोपा हिशेब. थोरली बहीण तेवढी म्हणाली, ‘‘वकीलबाब, ही माळ मोडूं नाकात.’’ मी त्यांना समजावले की कायद्याच्या दृष्टीने सोने ते सोने. माळ अखंड ठेवायची तर एकाने ती घेऊन इतर तिघांना रक्कम द्यावी लागेल, आणि तेवढी रक्कम कोणाजवळच नाही. शेटच्या दुकानात रेशमी गोफ कापला गेला आणि नऊ-नऊ पुतळ्यांच्या चार पुड्या बांधल्या गेल्या. सर्वांनी सह्या केल्या. वाटणी बिनबोभाट पार पाडल्याचे मला समाधानही वाटले.

दोन वर्षांनी त्याच बाई दुसऱ्या कामासाठी आल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याच्या नऊ पुतळ्या पिशवीत होत्या. सहज म्हणून मी त्यांतली एक भिंगाखाली धरली. एका बाजूस दोन मानवी आकृती, त्यांच्यामधून वर गेलेली एक उभी काठी, आणि कडेने रोमन अक्षरे. त्यांत ‘आलोय. मोचेनि.’ एवढे स्पष्ट लागत होते. पुढे चौकशी करता उलगडा झाला तो असा की हे नाव व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचे. मोचेनिगो घराण्यातील अल्विझे नावाचे तीन पुरुष १८व्या शतकात त्या पदावर बसले. त्यांतील पहिला १७०० साली अधिकारावर आला आणि शेवटचा १७७८ साली वारला. म्हणजे ते नाणे त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आतले असले पाहिजे. नऊपैकी चार नाणी अशी व्हेनिसची निघाली. उरलेली पाच आपल्याकडील सोनारांनी त्याच चित्राच्या धर्तीवर घडवलेली होती. इतर सत्तावीस पुतळ्यांचे काय झाले, असे मी विचारले. काही विकल्या गेल्या होत्या, बाकीच्या आटवून त्यांच्या बांगड्या झाल्या होत्या. त्यांवर कोणाची नावे होती हे आता कोणासही कधी सांगता येणार नाही. त्या घरात जो दस्तऐवज अनेक पिढ्या सांभाळला गेला, तो न वाचताच फाडण्याचा सल्ला मी दिला होता.

त्या दिवसापासून नाण्यांच्या अलंकारांविषयी जे मिळेल ते मी वाचीत गेलो. त्यातील सार वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण अशा माळा अजून पुष्कळ घरांत आणि देवस्थानांच्या पेट्यांत आहेत.

प्रथम एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. नाण्याचा दागिना होतो हे आपण पाहतो. परंतु आपल्या देशात दागिन्याचे नाव नाण्याला मिळाले आहे. ऋग्वेदात ‘निष्क’ हा शब्द येतो तो गळ्यातील सुवर्णालंकार या अर्थाने. रुद्र निष्क धारण करतो, असे दुसऱ्या मंडलात म्हटले आहे. ज्याच्या गळ्यात निष्क आहे अशा पुरुषाला ‘निष्कग्रीव’ असे विशेषण आहे. पण त्याच ऋग्वेदात कक्षीवान ऋषी राजाकडून शंभर निष्कांचे दान स्वीकारतो. एक माणूस शंभर कंठे गळ्यात घालीत नाही. म्हणजे तेव्हाच हा अलंकार मोजून देण्याघेण्याची वस्तू होऊ लागला होता. पुढे पाणिनीच्या सूत्रांत निष्क हे किंमत सांगण्याचे मान झाले आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ते वजनांच्या कोष्टकात जाऊन बसले. गळ्यातून कोष्टकात आणि कोष्टकातून पुन्हा गळ्यात असा हा सोन्याचा जुना फेरा आहे. जैनांच्या कल्पसूत्रात त्रिशलेला पडलेल्या स्वप्नांचे वर्णन आहे. त्यातील श्रीदेवीच्या वक्षःस्थलावर दीनारांची माळ सांगितली आहे. दीनार हा शब्द रोमन ‘देनारिउस’वरून आपल्याकडे आला. म्हणजे परक्या नावाचे नाणे प्रत्यक्ष लक्ष्मीच्या गळ्यात घालण्यास त्या काळच्या ग्रंथकाराला संकोच वाटला नाही.

हे परके सोने येथे कसे आले, हा इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेला विषय आहे. मिरे, मोती, सुती कापड, हस्तिदंत हा माल पश्चिमेकडे जाई आणि त्याच्या मोबदल्यात सोने-चांदी येई. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात तक्रार केली आहे की हिंदुस्थान आमच्या साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ते धन जिथे आले तिथे त्याचे काय झाले, हे मात्र प्लिनीला दिसले नाही. ते आपल्या भूमीतून निघालेल्या नाण्यांवरून दिसते. तामिळनाडूत पुदुकोट्टै येथे १८९८ साली पाचशे एक रोमन सुवर्णनाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. म्हणजे ती चलनातून बाद ठरवलेली. अशी नाणी धातू म्हणूनच उपयोगी. पण दुसऱ्या प्रकारची नाणीही सापडतात, ज्यांना घाव नाही, भोक आहे.

या दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आमच्या सीमाभागापासून फार लांब नाही. हावेरी जिल्ह्यातील हानगल तालुक्यात अक्की आलूर म्हणून गाव आहे. तेथे पाचव्या-सहाव्या शतकांतील पूर्व रोमन सम्राटांची चाळीसहून अधिक सुवर्णनाणी एकत्र मिळाली. त्यांत काही येथेच घडवलेल्या नकलाही आहेत. त्यांतील पुष्कळांना दोन-दोन भोके आहेत, आणि ती पाडलेली आहेत सम्राटाच्या डोक्याच्या वरच्या बाजूस. एका भोकातून ओवलेले नाणे फिरते, उलटे होते. दोन भोकांतून ओवले की ते छातीवर सपाट बसते आणि मुख सरळ दिसते. एवढ्या दोन भोकांवरून आपल्याला काय कळते? ज्याने ती पाडली त्याला नाण्याची दर्शनी बाजू कोणती हे समजत होते, ती लोकांना दिसावी अशी इच्छा होती, आणि ते नाणे पुन्हा बाजारात खर्च करण्याचा विचार तूर्त तरी मनात नव्हता. नाणकशास्त्रज्ञ भोक पाडलेल्या नाण्याचे मोल कमी धरतात. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ते योग्यच असेल. परंतु साक्षीपुराव्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला वाटते की भोक हीच त्या नाण्याची दुसरी साक्ष आहे. पहिली साक्ष राजाची, दुसरी ते ल्यालेल्या माणसाची.

ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनीही ही हौस भागवली. तेर, म्हणजे प्राचीन तगर, कोल्हापूरचे ब्रह्मपुरी, तेलंगणातील कोंडापूर या ठिकाणच्या उत्खननांत रोमन नाण्यांचा ठसा घेतलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. त्यांत टायबेरिअसच्या नाण्यावरून घेतलेले ठसेही आहेत. अशा चकत्या गळ्यात बांधता याव्यात म्हणून त्यांना वर कडी ठेवलेली असे. सातवाहनांच्या काळातील एखादी तेरकरीण मातीचा रोमन सम्राट गळ्यात घालून बाजारास जात असेल, ही कल्पना मला तरी सोन्याच्या माळेइतकीच मोहक वाटते.

आता एक कायद्याची गोष्ट सांगतो. वाचकांनी वकिलाला तेवढी मुभा द्यावी. पैसा वापरला की संपतो. म्हणून एखाद्याला पैशाच्या केवळ उपभोगाचा हक्क द्यावा आणि मूळ पैसा मात्र दुसऱ्याचा ठेवावा, हे सामान्यतः जमण्यासारखे नाही. मग जुनी नाणी कोणी रत्नांसारखी अंगावर वापरीत असेल तर? हा प्रश्न इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील पोम्पोनिउस या रोमन विधिज्ञाने विचारात घेतला होता. जुनी सोन्याची किंवा चांदीची नाणी लोक रत्नांऐवजी वापरतात, त्यांच्या उपभोगाचा हक्क मृत्युपत्राने देता येतो, असा त्याचा निर्वाळा आहे. तो ५३३ साली सम्राट जस्टिनियनने सिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’ या संग्रहात जपला गेला. ‘उसुफ्रुतो’ हा शब्द गोव्यातील जुन्या दस्तऐवजांत ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचे हे मूळ ऐकून मौज वाटेल. पोम्पोनिउसने ओळखले की गळ्यात गेलेले नाणे पैसा राहत नाही, त्याची जात बदलते. अठराशे वर्षांपूर्वी त्याला जे कळले ते मला फोंड्याच्या त्या प्रकरणात कळले नाही. मी माळेला पैसाच समजलो.

माळेतल्या पुतळीकडे आता वळू. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ साली आपले सुवर्णनाणे पाडण्यास आरंभ केला. त्याला ड्यूकाट म्हणत. पुढे ‘झेक्किनो’ हेही नाव पडले. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका तोळ्यात तीन नाणी आणि वर थोडे. सोने शंभरांत नव्व्याण्णव भागांहून अधिक शुद्ध. एका बाजूस संत मार्क उभा आहे आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून राज्यप्रमुख, ज्याला तेथे ‘दोजे’ म्हणत, ध्वज स्वीकारीत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेल्या प्रभावळीत ख्रिस्ताची उभी मूर्ती. १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, या नाण्याचे चित्र, वजन आणि कस यांत म्हणण्यासारखा फरक पडू दिला गेला नाही. दोजेचे नाव तेवढे बदलत गेले. ज्या काळात राजे अडचणीत सापडले की नाण्यात हीण मिसळीत, त्या काळात ही केवढी पत! इजिप्त आणि तांबडा समुद्र या मार्गाने हे नाणे मलबार, कोकण आणि गुजरातच्या बंदरांत येऊ लागले ते वास्को द गामा १४९८ साली कालिकतला येण्याच्या कितीतरी आधीपासून. १५१० साली गोवा घेतल्याबरोबर आल्बुकेर्कने येथे टांकसाळ घातली. पुढे गोव्यात संत तोमे याचे चित्र असलेली सोन्याची नाणीही पडली; पण व्हेनिसच्या नाण्याचा मान त्यामुळे उणा झाला नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत होन आणि मोहरा यांच्याबरोबर पुतळ्यांचा उल्लेख येतो तो याच नाण्याच्या प्रसारामुळे.

‘पुतळी’ हे नाव फार बोलके आहे. आपल्या व्यापाऱ्याला किंवा गृहिणीला लॅटिन अक्षरे वाचता येत नव्हती; त्यांनी नाणे ओळखले ते चित्रावरून. त्यावर मनुष्याकृती, पुतळे, म्हणून पुतळी. केरळात याच नाण्याला ‘शाणार काशु’ असे नाव पडले. शाणार म्हणजे ताडी काढणारा. दोजे आणि संत यांच्यामधील ध्वजाचा दांडा तेथील लोकांना ताडाचे झाड वाटला आणि त्याला बिलगलेला दोजे हा झाडावर चढणारा गडी! ज्याला आपापल्या परसात जे दिसे तेच त्याने नाण्यावर पाहिले. आपल्याकडे पुढे सोनारांनी पुतळ्यांवर राम, सीता, लक्ष्मण आणली, लक्ष्मी बसवली. आज नव्या घडवलेल्या पुतळ्यांवर बहुधा हीच दैवते असतात. त्यांत नवल नाही. आपल्या नाण्यांवर राजाबरोबर देव असण्याची जुनी चाल आहे. गोव्याच्या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असे आणि नागरी लेखात श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. ज्याचे देवालय शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्वे येथे पुन्हा उभारवले तोच हा सप्तकोटीश्वर. विजयनगरच्या वराहांवर उमामहेश्वर आणि लक्ष्मीनारायण आहेत. दक्षिणेत रामपट्टाभिषेकाचे चित्र असलेली ‘रामटंक’ नावाची जी मुद्रा घराघरांत पूजेत असते ती तर बाजारासाठी नव्हेच, देवघरासाठी.

येथे मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. १५४० नंतरच्या काही दशकांत तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. १५६० साली येथे इन्क्विझिशन आले आणि ते १८१२ पर्यंत टिकले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. देवांबरोबर कुटुंबेही नदी ओलांडून अंत्रुज महालात आली. अशा वेळी शेत, घर, बागायत मागे राहते. अंगावर असलेले सोनेच तेवढे माणसाबरोबर चालते. आणि त्या सोन्यात ज्यांच्यावर संत मार्क आणि ख्रिस्त यांच्या प्रतिमा होत्या अशा पुतळ्याही पुढे ओवल्या गेल्या. धर्मासाठी गाव सोडलेल्यांच्या लेकीसुनांनी त्या गळ्यात घातल्या, आणि जिच्यासाठी गाव सोडला त्या देवीच्याही गळ्यात घातल्या. त्यांना त्यात विटाळ वाटला नाही. नाणे कोणत्या देवाचे हे त्यांनी पाहिले नाही, ते खरे आहे एवढे पाहिले. ज्यांनी देवळे पाडली त्यांच्यापेक्षा ही दृष्टी अधिक उदार होती, असे मला वाटते.

सोनारांनी केलेल्या नकलांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. व्हेनिसची नाणी पुरेनात, किंवा पुढे मिळेनात, तेव्हा सोनारांनी तीच चित्रे ठशावर कोरून पुतळ्या पाडल्या. प्रत्येक नव्या ठशाबरोबर अक्षरांची मोडतोड होत गेली. लॅटिन लेखाच्या जागी उभ्या रेघा आल्या, रेघांच्या जागी ठिपके आले, दोजेचा झगा म्हणजे चार वळसे उरले. याला खोटे नाणे म्हणावे काय? फौजदारी कायद्यात खोट्या नाण्याच्या मुळाशी फसवणुकीचा हेतू लागतो, आणि येथे तो नाही. गिऱ्हाईकाला ठाऊक होते की ही पुतळी आमच्या शेटने केली आहे. सोन्याचा कस आणि वजन चोख असले म्हणजे झाले. ही नक्कल आहे, परंतु ती प्रामाणिक नक्कल आहे. आणि मूळ नाण्यापासून ती किती दूर गेली आहे यावरून तिचे वयही थोडेबहुत अजमावता येते.

पण बायकांनी नाण्याचाच दागिना का पसंत करावा? घाटाच्या दृष्टीने पाहिले तर साज, बोरमाळ, चंद्रहार हे अधिक नाजूक आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर व्यवहारात आहे. बोरमाळेचे मणी पोकळ. त्यांत लाख भरलेली. ती मोडायला नेली की लाख किती, सोने किती, डाख किती, तूट किती यावर सोनार सांगेल ते ऐकावे लागते. नाण्याचे तसे नाही. त्याचे वजन आणि कस सर्व बाजारपेठांना आधीच ठाऊक. शिवाय एक पुतळी काढून घेतली तर माळ एक नगाने लहान होते, मोडत नाही. मुलाची मुंज आली, दोन पुतळ्या गेल्या. भाताचे पीक बुडाले, चार गेल्या. पुढे सुबत्ता आली, तीन पुन्हा ओवल्या. पटवेकऱ्याकडून गोफ नवा करून घेतला की माळ पुन्हा पहिल्यासारखी. जिच्या नावावर जमीन नाही, जिला पेढीवर जाऊन खाते उघडता येत नाही, अशा स्त्रीने स्वतःजवळ बाळगलेली ही तिजोरी होती, आणि तीत मोड उपलब्ध होती.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हे पुरते ठाऊक होते. पतीच्या हयातीत स्त्रियांनी जे अलंकार अंगावर वापरले ते वारसांनी वाटून घेऊ नयेत, वाटून घेणारे पतित होतात, असे मनूने नवव्या अध्यायात सांगितले आहे. याज्ञवल्क्याने अडचणीही ओळखल्या. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने स्त्रीधन घेतले तर ते परत देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने ज्याने मिताक्षरा लिहिली तो विज्ञानेश्वर याच वचनांवर भाष्य करतो. आणि १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीची निरपवाद मालकी आहे असे स्पष्ट केले.

म्हणजे माळ मोडण्यासाठीच होती हे मान्य केले पाहिजे. अडचणीत उपयोगी पडावी म्हणूनच ती ओवलेली. मोडता येण्याजोगी होती म्हणून ती पिढ्यान् पिढ्या जपली गेली. आणि मोडता येण्याजोगी होती म्हणूनच ती नाहीशी होत आहे. पूर्वी पुतळी विकली तर ती पुतळी म्हणूनच दुसऱ्या घरी जाई. व्हेनिसचे नाणे तसेच शाबूत राही, फक्त गळा बदले. आज ते सरळ मुशीत जाते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यास मनाई झाली, तेव्हा सोनारांच्या पिढीजात धंद्यावर कोसळलेले संकट जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. ती मनाई १९६६ साली उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. पण त्यानंतरच्या काळात सोन्याचे भाव जसे चढत गेले तसा आटवण्याचा मोह वाढला. २०१५ साली सरकारने सोन्याच्या ठेवींची जी योजना काढली तीत ठेवीचे सोने वितळवून शुद्ध करून घेतले जाई. राष्ट्राच्या अर्थकारणाला ती सोयीची असेल. पण लगडीवर कोणत्याही दोजेचे नाव वाचता येत नाही.

कायदा काय करतो, असे कोणी विचारील. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे त्याच्या व्याख्येत पुरावस्तू ठरते, त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी नेता येत नाही. परंतु स्वयंपाकघरातल्या फडताळातून पुतळी निघून सोनाराच्या दुकानी जाते, त्या वाटेवर कोणताच कायदा पहारा करीत नाही. तेथे पहारा करावयाचा तो आपणच.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. घरातील किंवा देवस्थानातील अशी माळ असेल तर वाटणीपूर्वी, विक्रीपूर्वी, आटवण्यापूर्वी तिच्या प्रत्येक नगाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येकाचे वजन वेगळे लिहावे. अक्षरे लागत नसली तरी जशी दिसतात तशी उतरवावी. माळेत सर्वांत अलीकडचे नाणे कोणते ते शोधावे. त्या नाण्याच्या आधी ती माळ आजच्या रूपात ओवलेली असणे शक्य नाही, एवढे तरी त्यावरून निश्चित होते. कोणत्या बाजूची झीज अधिक आहे ते पाहावे. जी बाजू वर्षानुवर्षे अंगाला घासली ती गुळगुळीत होते. कड्या तोडून काढू नयेत, भोके बुजवू नयेत, आणि चकाकी आणण्यासाठी नाणी घासू नयेत. मोडल्यावाचून गत्यंतर नसेल तर घरातले दुसरे सोने आधी मोडावे, आणि नाणी द्यायचीच झाली तर ती नाणी म्हणून जाणणाऱ्या, परवाना असलेल्या मनुष्याला किंवा संग्रहालयाला द्यावी.

देवस्थानांच्या महाजनांना माझी विशेष विनंती आहे. आपली देवस्थाने १९३३ च्या मझानींच्या नियमावलीखाली चालतात; दागिन्यांच्या नोंदवह्या आपल्याकडे आहेत. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या अलंकारांत पुतळ्यांची माळ आहे. तुळजापूरच्या भवानीची मोहरांची माळ शिवछत्रपतींनी अर्पण केली असे परंपरा सांगते. आपल्या लहानशा ग्रामदेवतेच्या पेटीतही एखादी माळ असेल. तिच्या नोंदीत नुसते वजन असेल तर चोराला समान वजनाची दुसरी माळ ठेवून मूळची पळवणे अवघड नाही. प्रत्येक नाण्याचे वर्णन लिहिलेले असेल तर ती बदलता येणार नाही. म्हणजे इतिहासाचे रक्षण आणि देवीच्या धनाचे रक्षण ही दोन कामे एकाच वहीने होतात.

त्या थोरल्या बाईंनी आपल्या नऊ पुतळ्या काळ्या पोतीत ओवून घेतल्या आहेत. नातीच्या लग्नात त्या तिला द्यायच्या असे त्यांनी ठरवले आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी नऊ पुतळ्यांची एक यादी टंकलिखित करून दिली : चार व्हेनिसच्या, त्यांतल्या एकीवर मोचेनिगोचे नाव, पाच येथील सोनारांच्या. यादी घडी करून पुतळ्यांच्या डबीत ठेवताना त्या म्हणाल्या की अशी यादी छत्तीसांची असती तर बरे झाले असते. मी काही बोललो नाही. तेव्हापासून माझ्या कचेरीत कोणत्याही इन्व्हेंटरीत ‘सोन्याची माळ एक, नग अमुक’ एवढीच नोंद मी लिहू देत नाही. नगांवर काय आहे तेही लिहावे लागते.